एकवीस अंकांचा ताळा

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या विद्वानाने राजाकडे मागितलेल्या बक्षिसाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. राजा हसतो, कोठाराचे दार उघडायला सांगतो आणि मग त्याच्या लक्षात येते की सारे राज्य विकले तरी हे देणे फिटायचे नाही. ते देणे होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाण्यांचे. गोष्ट इथे संपते. आज ज्या संख्येविषयी लिहायचे आहे ती या गोष्टीच्या तीन घरे पुढे उभी आहे. पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे असती, तर दाण्यांची बेरीज झाली असती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. गणिती भाषेत, २ चा ६७ वा घात वजा १.

एकवीस अंकांची ही संख्या वाचायची कशी? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. जुन्या शाळांतून ती घोकून घेतली जात. ती सगळी नावे वापरून संपली तरी या संख्येचे तीन अंक उरतात. म्हणजे ही एक हजार चारशे पंचाहत्तर परार्धांहूनही मोठी. विश्वाच्या पसाऱ्यात अर्थात याहून फार मोठ्या संख्या आहेत, तेव्हा केवळ आकारासाठी हिचे कौतुक करण्याचे कारण नाही. कौतुक आहे ते हिच्या चरित्राचे. जवळजवळ अडीचशे वर्षे ही संख्या एका प्रतिष्ठित खोट्याच्या आश्रयाने राहिली. मग ते खोटे असल्याचे सिद्ध झाले, पण मुद्देमाल सापडेना. आणि शेवटी एका प्राध्यापकाने तो मुद्देमाल भर सभेत फळ्यावर आणून ठेवला.

प्रश्न साधा होता. या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या एखाद्या संख्येने निःशेष भाग जातो का? जात नसेल तर ती मूळ संख्या, जात असेल तर संयुक्त. १३ मूळ, १५ संयुक्त. लहान संख्यांच्या बाबतीत हा खेळ चौथीतले मूलही खेळू शकते. आपल्या संख्येचा शेवटचा अंक ७, तेव्हा २ आणि ५ लगेच बाद. सर्व अंकांची बेरीज १०९ भरते, म्हणून ३ नेही भाग जात नाही. इथवर कागद-पेन्सिलही लागत नाही. पण पुढे? सात, अकरा, तेरा करत किती लांब जायचे? संख्या संयुक्त असेल तर तिचा एखादा अवयव तिच्या वर्गमुळाच्या आत सापडलाच पाहिजे, आणि हे वर्गमूळ आहे सुमारे १,२१४ कोटी. तिथवर एकेक भागाकार करत जाणे माणसाच्या एका जन्मात बसणारे नाही.

आता कोणी विचारील, नेमक्या याच संख्येची एवढी चौकशी कशासाठी? त्याचे मूळ युक्लिडपर्यंत जाते. ६ या संख्येला १, २ आणि ३ यांनी भाग जातो आणि त्यांची बेरीजही ६ च होते. २८ चे तसेच. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. पुढच्या दोन आहेत ४९६ आणि ८,१२८. युक्लिडने दाखवले की दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनवता येते. तेव्हापासून ३, ७, ३१, १२७ अशा, दाण्यांच्या बेरजेच्या जातीच्या संख्यांकडे गणित्यांचे लक्ष लागून राहिले.

या जातीची एक खूण फार सुंदर आहे. संगणकाच्या दुहेरी पद्धतीत लिहिली तर आपली संख्या म्हणजे नुसते सदुसष्ट एक, एका रांगेत उभे. कवायतीला मुले उभी करावीत तसे. सहा मुले असतील तर तीन-तीनच्या दोन तुकड्या पडतात. सहा एकांची संख्या आहे ६३, आणि म्हणूनच तिला तीन एकांच्या संख्येने, म्हणजे ७ ने, भाग जातो. चौसष्टाच्याही समान तुकड्या पडतात, त्यामुळे राजाच्या देण्याचे सात तुकडे झटपट होतात. पण सदुसष्ट ही स्वतःच मूळ संख्या. सदुसष्ट मुलांच्या समान तुकड्या पडत नाहीत, तेव्हा हा सोपा मार्ग बंद. मात्र तुकड्या पडत नाहीत एवढ्यावरून संख्या मूळ ठरत नाही. अकरा एकांची संख्या २,०४७, अकराच्याही तुकड्या पडत नाहीत, तरी २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. थोडक्यात, संशयाला जागा राहते.

या जागेत सतराव्या शतकात फ्रान्समधला एक धर्मोपदेशक येऊन उभा राहिला. मारँ मर्सेन त्याचे नाव. युरोपातल्या विद्वानांशी त्याचा अखंड पत्रव्यवहार होता. नियतकालिके नसलेल्या त्या काळात मर्सेनला पत्र लिहिणे म्हणजे आपला शोध जाहीर करणे. १६४४ साली त्याने एका ग्रंथात यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच घात घेतले तर मूळ संख्या मिळतात, बाकी कोणतेही नाही. यादीत ६७ होता. मर्सेनने हे ताडून पाहिले होते का? शक्यच नव्हते. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे पाहायला सारा काळही पुरायचा नाही, अशा अर्थाचे त्यानेच लिहून ठेवले आहे. तरीही यादी टिकली. नाव मोठे होते, तपासणे अवघड होते, आणि ज्यांना तपासता आले असते त्यांना दुसरी कामे होती. आज आपण या जातीच्या संख्यांना मर्सेनच्याच नावाने ओळखतो. चुकीच्या यादीने माणूस अमर झाल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

यादीला पहिला खरा धक्का बसला १८७६ साली. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने अवयव न शोधताच निवाडा देणारी एक कसोटी काढली. पुढे लेमर या अमेरिकन गणितज्ञाने ती सुटसुटीत केली. त्या रूपात ती कोणालाही करून पाहता येते. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे आणि आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. मग त्या बाकीवर पुन्हा तेच. ३१ घेऊ, कारण तो दोनाचा पाचवा घात वजा एक. ४ चा वर्ग १६, वजा २, झाले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, झाले १९४. ३१ ने भागले तर बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, झाले ६२. ३१ ने भागले तर बाकी शून्य. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पावलांत शून्य आले, तेव्हा ३१ मूळ. सदुसष्टाला अशी पासष्ट पावले चालावी लागतात, आणि शेवटी शून्य येत नाही. म्हणजे मर्सेनची संख्या मूळ नाही. तिला अवयव आहेत. पण ते कोणते, याबद्दल ही कसोटी एक अक्षर बोलत नाही.

ज्यांनी बँकेत लेजरे सांभाळली त्यांना या परिस्थितीचे नवल वाटणार नाही. संगणक येण्यापूर्वी सहामाही बॅलन्सिंगला आम्ही शेकडो खात्यांच्या शिलका उतरवून बेरीज मारत असू. ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळली नाही की चूक आहे एवढे निश्चित. ती कोणत्या पानावर, कोणाच्या हातची, कोणत्या महिन्यातली, हे बेरीज सांगत नसे. ज्या रात्री शाखेत फरक राही, त्या रात्री अकाउंटंट पहिल्यांदा एकच गोष्ट करी: फरकाला नवाने भागून पाही. एकदा त्रेसष्ट रुपयांचा फरक आला. त्रेसष्टाला नवाने भाग जातो, म्हणजे बहुधा दोन अंकांची अदलाबदल. अठराचे एक्याऐंशी झालेले शोधा, असे फर्मान निघाले आणि तासाभरात ते एका बचत खात्यात सापडलेही. पण नवाने भाग गेला नाही की मग पानामागून पान. ‘चूक आहे’ हे कळणे आणि ‘ही पाहा चूक’ म्हणून बोट ठेवता येणे, यांच्यामध्ये किती रात्री जातात हे ज्याने त्या जागून काढल्या त्यालाच ठाऊक.

ल्युकानंतर सत्तावीस वर्षे या संख्येच्या बाबतीत गणिताची अवस्था अशीच होती. फरक दिसत होता, पान सापडत नव्हते. मग ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचे नाव पुकारले गेले. विषय होता मोठ्या संख्यांचे अवयव. त्या सभेची हकीगत एरिक टेंपल बेल या गणितज्ञ-लेखकाने पुढे बऱ्याच वर्षांनी लिहिली. बेल गोष्ट रंगवून सांगणारे, त्यामुळे तपशिलाला थोडे मीठ-मसाला लागला असेल असे धरून चालू. ते सांगतात की कोल एक शब्द न बोलता फळ्याकडे गेले. दोनाचा सदुसष्टावा घात त्यांनी हाताने काढला, त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे वळून तितक्याच शांतपणे एक गुणाकार मांडला:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

ओळीमागून ओळ उतरत गेली, बेरीज झाली. दोन्हीकडची उत्तरे अंकाअंकाने सारखी होती. कोल काही न बोलता जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला आणि कोणी एकही प्रश्न विचारला नाही. विचारणार काय? बेल यांनी १९११ साली त्यांना विचारले की या अवयवांना किती वेळ लागला. कोल यांचे उत्तर होते की तीन वर्षांतले रविवार त्यात गेले.

तीन वर्षांचे रविवार म्हणजे सुमारे दीडशे दिवस. हे फार की थोडे, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. फेर्मा या गणितज्ञाने १६४० मध्येच एक नियम सांगितला होता. त्यानुसार आपल्या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवातून एक वजा केला तर उरलेल्याला १३४, म्हणजे सदुसष्टाच्या दुपटीने, भाग गेलाच पाहिजे. त्यामुळे उमेदवारांची रांग १३५, २६९, ४०३ अशी १३४ च्या उड्या मारत जाते. या रांगेत कोल यांचा लहान अवयव कितव्या क्रमांकावर उभा आहे? १४,४५,५८० व्या. एका भागाकाराला पाच मिनिटे धरली आणि रोज आठ तास, सुट्टी न घेता बसले, तर तिथवर पोचायला एक्केचाळीस वर्षे लागतात. आणखी एका नियमाने, आठाने भागल्यावर एक किंवा सात बाकी उरली पाहिजे या नियमाने, निम्मे उमेदवार गळतात. ३, ५ आणि ७ ने भाग जाणारे आधीच काढून टाकले तर उरलेल्यांतलेही निम्म्याहून अधिक जातात. तरीही नऊ वर्षांहून जास्त काम राहते. कोल यांनी ते दीडशे रविवारांत बसवले, कारण ते नुसते भागत बसले नाहीत. वर्ग संख्यांना भागल्यावर कोणत्या बाक्या उरू शकतात आणि कोणत्या नाही, याच्या सूक्ष्म नियमांची चाळणी लावून त्यांनी उमेदवारांची गर्दी कमी केली. चिकाटी होतीच, पण नुसत्या चिकाटीला तो अवयव सापडला नसता.

या साऱ्या चरित्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र कष्टांची नाही. शोधायला तीन वर्षे लागली आणि तपासायला एक फळा पुरला, ही ती गोष्ट. कोल यांच्या पद्धती सभेतल्या किती जणांना तपशिलाने माहीत होत्या, कोण जाणे. ते माहीत असण्याची गरजच नव्हती. कोल यांची विद्वत्ता, पद, विद्यापीठ, यांपैकी कशावरही विश्वास ठेवावा लागत नव्हता. गुणाकार येणाऱ्या कोणालाही ते खरे-खोटे करता येत होते. मर्सेनच्या यादीमागे मोठे नाव होते आणि ताळा नव्हता. कोल यांच्या फळ्यावर नुसता ताळा होता.

हा ताळा आपणही पाहू शकतो. जुने हिशेबनीस नऊ टाकून गुणाकार तपासत, ते आधी करू. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, त्याची १०, त्याची १. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ६४, त्याची १०, त्याचीही १. एक गुणिले एक, एक. आणि मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९, त्याची १०, म्हणजे पुन्हा १. जुळले! पण घाई नको. नवाचा हा ताळा अंकांची अदलाबदल पकडू शकत नाही. अठराचे एक्याऐंशी झाले तरी तो मान डोलावतो. तो चुकला तर उत्तर नक्की चूक, पण जुळला तर फक्त ‘हरकत नाही’ इतकेच. पक्की खात्री हवी तर पूर्ण गुणाकाराला पर्याय नाही.

शोधणे महाकठीण आणि तपासणे सोपे, या एकतर्फी रस्त्याची किंमत जगाला कोल यांच्यानंतर पाऊणशे वर्षांनी कळली. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच गोष्टीवर एक कुलूप बनवले. दोन मोठ्या मूळ संख्या गुणा, गुणाकार जगाला खुशाल सांगा, अवयव स्वतःपाशी ठेवा. गुणाकाराने कोणीही कुलूप लावावे, उघडण्यासाठी अवयव लागतात. त्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून एकशे एकोणतीस अंकी संख्या आव्हान म्हणून छापली गेली. बक्षीस शंभर डॉलर. ती फोडायला अब्जावधी वर्षे लागतील असा अंदाज होता. ती १९९४ मध्ये फुटली. त्यासाठी सुमारे सहाशे स्वयंसेवकांचे संगणक आठ महिने राबले. तेव्हा कुलपे आणखी मोठी करण्यात आली. आज सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या त्यासाठी वापरल्या जातात. पुंज-संगणक पुरेसे मोठे झाले तर हे कुलूपही उघडेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. म्हणून २०२४ साली अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांचे नियम जाहीर केले. पण आजही बँकेचे कार्ड यंत्रात घालताना किंवा घरबसल्या पैसे पाठवताना आपल्यातले अनेकजण नकळत या एकाच गोष्टीवर भिस्त ठेवून असतात, की दोन संख्यांचा गुणाकार उलगडणे अवघड आहे.

ल्युका आणि कोल यांच्यामधली ती सत्तावीस वर्षांची दरी मात्र अजून बुजलेली नाही. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या विद्यार्थ्यांसह जगाला थक्क करणारी गोष्ट सिद्ध केली: कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे मर्यादित वेळात आणि निःसंशय ठरवता येते. संख्येचे अंक वाढले तर काम वाढते, पण आवाक्याबाहेर जात नाही. ‘चूक आहे का’ याचे उत्तर मिळाले. ‘कुठे आहे’ याला नेहमीच्या संगणकावर तशी शीघ्र रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

कोल यांची संख्या आजचा घरगुती संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत फोडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच जातीची तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली; तिचा घात आहे १३,६२,७९,८४१ आणि ती लिहायला चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक लागतात. मग त्या माणसाचे दीडशे रविवार वाया गेले म्हणायचे काय? निवृत्त माणसाला हा प्रश्न परका नाही. ज्या बेरजांसाठी आम्ही रात्री जागवल्या, त्या आता कळ दाबताच होतात. पण यंत्राने उत्तर लवकर दिले म्हणून ते तपासण्याचे आपले काम कमी होत नाही. उलट उत्तरे जितकी झटपट आणि ठाम स्वरात मिळू लागली, तितकी ‘याचा ताळा कुठे आहे?’ असे विचारणारी माणसे अधिक लागणार. मर्सेनची यादीही ठामच होती. १९४७ पर्यंत तिची पूर्ण छाननी झाली तेव्हा तीत दोन खोट्या नोंदी आणि तीन गाळलेल्या निघाल्या: ६७ आणि २५७ नको होते, ६१, ८९ आणि १०७ हवे होते.

कोल १८९६ ते १९२० अशी पंचवीस वर्षे सोसायटीचे सचिव होते. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेली थैली त्यांनी सोसायटीलाच देऊन टाकली. त्या पैशातून सुरू झालेले कोल पारितोषिक आज बीजगणित आणि अंकशास्त्रातल्या मोठ्या सन्मानांत गणले जाते. हरिश्चंद्र, मंजुल भार्गव यांना ते मिळाले आहे, आणि २०११ साली मुंबईत जन्मलेल्या चंद्रशेखर खरे यांनाही.

आज रविवार आहे. घरात शाळकरी नातवंडे असतील तर त्यांच्यासोबत तो गुणाकार जरूर करून पाहावा. दिसतो तितका भयंकर तो नाही. ७,६१,८३,८२,५७,२८७ ही संख्या वर लिहा आणि १९,३७,०७,७२१ ने गुणा. गुणकातल्या नऊ अंकांत एक शून्य आहे, दोन वेळा १ आहे आणि ७ तीनदा आला आहे. तेव्हा प्रत्यक्षात २, ३, ७ आणि ९ असे चारच गुणाकार करायचे, बाकी ओळी उतरवून घ्यायच्या आणि एकेक घर सरकवत बेरीज मारायची. हातचे नीट सांभाळावेत. पाढे पाठ असतील तर अर्धा तास पुष्कळ झाला. शेवटच्या ओळीत एकवीस अंक उभे राहतील आणि ते बरोबर आहेत हे तुम्हाला कोल सांगणार नाहीत, बेल सांगणार नाहीत, मीही नाही. ते तुमचे तुम्हालाच दिसेल.